वर्गणी परवडत होती

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. कोणत्या दाताखाली सुपारी अडकते, इथपर्यंत. हे मात्र तिला माहीत नाही. मुलीला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर एका शाळेत उभा जन्म खडू झिजवला त्या मास्तर लोकांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत नाही तेच बरं आहे.

निमित्त अगदी किरकोळ झालं. परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. सिनेमाच्या डीव्हीडी पोस्टाने घरपोच पाठवणारी कुठलीशी योजना निघाली आहे म्हणे. वर्गणी भरायची, डीव्हीडी येते, बघायची, परत पाठवायची. "बाबा, आपण उंब्रजला होतो तेव्हा तुम्ही असलंच काहीतरी घेत होता ना? परवडतं का हो ते?"

परवडतं का! कशीबशी दोन वाक्यं बोलून मी फोन ठेवला, आणि मग जो चिडलो तो संध्याकाळपर्यंत चिडलेलाच होतो. बायकोला वाटलं, लेकीने काही पैसेबिसे मागितले की काय. पैसे मागितले असते तर बरं झालं असतं. तिने प्रश्न विचारला होता, आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पूर्वी एका माणसाने मला विचारला होता. त्याला मी जे उत्तर दिलं ते खोटं होतं. आता तुम्ही म्हणाल, सिनेमाच्या कॅसेटबद्दल माणूस खोटं बोलला तर बोलला, त्यात एवढं काय? थांबा. तेवढ्यावर सुटू देऊ नका मला.

आधी खरं उत्तर लिहून टाकतो, कारण ते इतकी वर्षं घशात अडकलंय. वर्गणी परवडत होती. चांगली परवडत होती!

नव्वदनंतरची तीन-चार वर्षं. सांगलीला विश्रामबागेत मालतीबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली होती, आणि त्या बाहेरगावच्या सभासदांना पोस्टाने कॅसेट पाठवायच्या. आमच्या उंब्रजला व्हिडिओ सेंटर होतं, नाही असं नाही. पण तिथल्या कॅसेटीत नट कोण आणि नटी कोण हे आवाजावरून ओळखावं लागायचं. मालतीबाईंची कॅसेट म्हणजे स्वच्छ. दर पंधरवड्याला दोन यायच्या, मांजरपाटाच्या पिशवीत शिवून. पिशवीला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. त्याच्या एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला त्यांचा. बघून झालं की कार्ड उलटं करायचं, पिशवी पुन्हा शिवायची आणि पोस्टात द्यायची. आत त्यांच्या हातची चिठ्ठी असायची — "सुरुवातीला दहा मिनिटं आवाज बारीक आहे, टीव्हीला बोल लावू नये." असली बाई! आणि असल्या बाईच्या नावाने मी बोंब मारली.

त्यांची एक गटाची वर्गणी होती. सहा घरांनी मिळून सभासद व्हायचं. आम्ही पाच घरं होतो, सगळी शाळेतलीच. पत्रव्यवहार माझ्याकडे, पिशवी शिवायचं दाभण माझ्याकडे. व्हीसीआर पाटील सरांचा. त्यांचा भाऊ मिलिटरीत, त्याने आणून दिलेला. दर रविवारी दुपारी तीन वाजता ज्याची पाळी त्याच्या घरी तो व्हीसीआर चादरीत गुंडाळून स्कूटरवरून जायचा, मागे बसलेल्याने पोटाशी धरून. ज्याच्या घरी पाळी त्याने पोहे करायचे, चहा करायचा. बायका, पोरं, म्हाताऱ्या, सगळे यायचे. आज या घरी, पुढच्या रविवारी त्या घरी. सहावी जागा मोकळी होती.

आता कांबळे सरांबद्दल सांगतो.

ते विज्ञान शिकवायचे. मी आणि ते एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. अकरा वर्षं मधल्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेतल्या एकाच बाकावर बसून डबा खात होतो. शाळेची घंटा, घड्याळ, रेडिओ, मुख्याध्यापकांचा पंखा — जे बिघडेल ते कांबळे सर दुरुस्त करायचे आणि कधी बोलून दाखवायचे नाहीत. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा कराडच्या दवाखान्यात सलग तीन दिवस ते माझ्या बरोबर होते. मित्र होते का माझे? होते. मी त्यांचा होतो का, ते तुम्ही ठरवा.

रोज ते डबा उघडून माझ्यापुढे सरकवायचे. "घ्या सर, आईनं वांगं केलंय." आणि माझा रोज उपास असायचा. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एकादश्या दोन, चतुर्थी एक. घरी बायकोला साबुदाण्याची खिचडी करायला सांगायचो. ती म्हणायची, "तुम्ही एवढे देवभोळे कधीपासून झालात?" उरलेल्या दिवशी मला वांगं सोसायचं नाही, नाहीतर पोट बिघडलेलं असायचं. माझी खिचडी मात्र ते आवडीने खायचे. अकरा वर्षं. एक घास नाही. मी त्यांच्या डब्यातला एक घास खाल्ला नाही!

कांबळे सर बौद्ध. आता तुमच्या लक्षात आलं असेल.

माझी जात कोणती, ते मी सांगणार नाही. सांगितली की बाकीच्या जातींना हायसं वाटेल. आणि "तो काळच तसा होता" असं कृपा करून म्हणू नका, माझं डोकं फिरतं. कसला काळ? गावात एसटीडी बूथ होता, घरात रंगीत टीव्ही होता, गिरणीत सगळ्यांची ज्वारी एकाच रांगेत दळली जात होती. आणि दर चौदा एप्रिलला शाळेत समतेवर भाषण कोण करायचं? मीच करायचो. चांगलं करायचो, मुलांचे डोळे पाणवायचे. कांबळे सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

तर — दिवाळीनंतरचा एक शनिवार. सकाळची शाळा सुटली होती. सायकलींच्या स्टँडजवळ त्यांनी मला थांबवलं. जरा संकोचूनच म्हणाले, "सर, ते तुमचं सांगलीच्या कॅसेटचं हाय न्हवं, परवडतं का ते?" मग घाईघाईने कारण सांगायला लागले, कारण सांगायची गरज असल्यासारखं. "आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासनं ती घरातच हाय. तिला पिच्चरचा लय नाद. आदी कराडला थेटरात न्यायचो, आता ती सोय ऱ्हायली न्हाई. तुमच्यात एक जागा हाय, आसं कानावर आलं."

साधा प्रश्न होता. 'परवडतं, या' — दोन शब्द पुरले असते.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं, ते जसंच्या तसं सांगतो. मी रविवार मोजले. पाच घरं झाली की सहावा रविवार कांबळ्यांच्या घरी. त्यांच्या घरचे पोहे, त्यांच्या घरच्या कपात चहा. आणि तिथं उपास कसा सांगणार? चार घरं खात असताना आपण एकटे हात बांधून कसे बसणार? एवढंच आलं डोक्यात. त्यांची आई आली नाही, टायफॉइडचे तीन दिवस आले नाहीत. कप आला.

आणि मी बोलायला लागलो. अहो, काय बोललो म्हणून सांगू! "सर, चुकूनसुद्धा त्या नादाला लागू नका. निव्वळ लूट आहे. चार कॅसेटीतल्या तीन खराब. टेप तुटलेली, आवाज नाही, आपण मागायचं एक आणि ती बाई पाठवणार भलतंच. अनामत रक्कम तर बुडालीच समजा. आम्हीच आता बंद करतोय." भाषणाची सवय जिभेला होतीच. बोलता बोलता मला त्या बाईचा खरोखर राग यायला लागला, इतकं मी छान बोललो.

कांबळे सरांचा चेहरा उतरला — पण स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी! "आवं मग तुमी गप का बसलाय? शिक्षक माणसाला आसं फसवत्यात म्हंजे काय?" मग म्हणाले, "तुटलेली टेप माज्याकडं आणा. मी जोडून देतो, कळायचं बी न्हाई." मी म्हटलं, आणतो. कुठून आणणार? आमच्याकडे एकही टेप कधी तुटली नव्हती.

तुम्हाला वाटत असेल, बिचारा एकटा काय करणार, बाकीच्या चार घरांचा दबाव असेल. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात पाटील सरांनी आपण होऊन विषय काढला. "आरं गड्या, सहावी जागा रिकामीच हाय. कांबळे सरांना का घेत न्हाईस? त्येंची म्हातारी बी यील की आमच्या आईसंगं." पाटील! ज्यांच्या घरी सोवळंओवळं असेल असं मी धरून चाललो होतो, ते पाटील. आणि मी काय म्हणालो? "विचारलं मी. त्यांना आवड नाही सिनेमाची."

इकडे सांगितलं वर्गणी परवडत नाही, तिकडे सांगितलं त्यांना आवड नाही. दोन्ही दारं मीच लावली आणि मधे उभा राहिलो. दुसऱ्या कोणी नाक मुरडलंही असतं कदाचित. मी विचारलंच नाही ना कोणाला. नाक माझंच होतं.

यानंतर मी विसरूनही गेलो, हे लिहिताना लाज वाटते. रविवार होत राहिले. कॅसेटी येत राहिल्या, मी मालतीबाईंना पत्रं लिहीत राहिलो. मला पत्रं लिहायची हौस. "या वेळची कॅसेट अत्युत्तम, आपली सेवा वाखाणण्याजोगी" वगैरे. नाताळच्या सुट्टीत कांबळे सर बहिणीकडे सांगलीला गेले. जाताना म्हणाले होते, "तुमचं बी काम करून येतो." कसलं काम, हे मी विचारलं नाही. बहुतेक ऐकलंच नाही नीट.

जानेवारीतल्या पहिल्या पिशवीत कॅसेटीबरोबर चिठ्ठी निघाली, नेहमीपेक्षा मोठी. ती मला आजही पाठ आहे. "आपले मित्र कांबळे सर येऊन गेले. आपल्याला खराब कॅसेट येतात असं कळल्यामुळे ते भांडायच्या तयारीनेच आले होते. मला फार वाईट वाटलं. मी आपली सगळी पत्रं काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बसून वाचली आणि उठून माझी माफी मागितली. मी म्हटलं, आपल्या गटात एक जागा आहे, या की. तर म्हणाले, 'ती जागा भरलेली हाय.' तसं असल्यास सहाव्या सभासदाचं नाव कळवावं, म्हणजे नोंद करते."

वाचलंत ना? माफी कोणी मागितली? खोटं बोललो मी, पत्रं लिहिली मी, आणि एका परक्या बाईच्या खोलीत उभं राहून माफी मागितली त्या माणसाने! त्याला सांगता आलं नसतं का, की तुमच्या या वाखाणणाऱ्या सभासदाने मला काय सांगितलं होतं ते? सांगितलं नाही. माझी अब्रू झाकली. मला आजही त्याचा राग येतो — हो, त्यांचाच. का झाकली? कोणी सांगितलं होतं? चांगलं ओरडून सांगायचं होतं, सांगलीत सांगायचं होतं, उंब्रजच्या चौकात सांगायचं होतं! बघा, अजूनही मी त्यांच्यावरच चिडतोय.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेलो. आज काहीतरी बोलतील, बोलावंच, म्हणजे सुटू. ते नेहमीच्या बाकावर होते. डबा उघडलेला, पण सरकवला नाही. शांतपणे म्हणाले, "आज तुमचा उपास आसंल."

बुधवार होता. मी म्हटलं, "हो."

त्या दिवसापासून रोज हेच. डबा उघडायचे, म्हणायचे, "आज तुमचा उपास आसंल," आणि जेवायला लागायचे. कुठलाही वार असो. आवाजात ना राग, ना टोमणा. रोज मी म्हणायचो, हो. एक दिवस तरी नाही म्हणता आलं असतं. एक दिवस हात पुढे करून भाकरीचा तुकडा मोडला असता, तर बाकी काही बोलायची गरज तरी पडली असती का? नाही मोडला. मालतीबाईंना कळवलं, सहावा सभासद नाही.

मार्चमध्ये कांबळे सरांची आई गेली.

भेटायला जायला हवं होतं. गेलो तिसऱ्या दिवशी, गुरुवारी. तिसऱ्याच दिवशी का, तेही सांगतो. आमच्याकडे दहाव्याच्या आत दुःखाच्या घरी गेलं तर कोणी चहापाणी विचारत नाही. बसायचं, दोन शब्द बोलायचे, उठायचं. हे मी घरून निघताना मनाशी पक्कं केलं होतं. मित्राची आई मेली होती आणि मी चहाचा विचार करून वार ठरवला होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. दोन खोल्या, माझ्या घरापेक्षा नीटनेटक्या. भिंतीजवळ टीव्हीचं टेबल होतं, सागवानी, नवं, घरीच केलेलं दिसत होतं. वर टीव्ही. खाली एक कप्पा, बुटका आणि रुंद. त्यात जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती. त्या मापाचा कप्पा दुसऱ्या कशासाठी असतो का? व्हीसीआर मी कितीदा पोटाशी धरून नेलाय, मला त्याचं माप माहीत आहे. मला विचारायच्या आधीच त्यांनी टेबल करून ठेवलं होतं. कप्प्याच्या समोर, भिंतीला लागून, आईचा पलंग. गादी काढलेली.

मी खुर्चीवर टेकलो. काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. तेवढ्यात त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या. मी दचकलोच. त्यांना ते समजलं असावं. म्हणाल्या, "घ्या सर. आमच्यात दुःखाच्या घरी बी च्या देत्यात. लांबनं आल्यालं माणूस असंच कसं पाठवायचं?"

पांढरा कप, निळी कड. आणि माझ्या तोंडून, सवयीने, काही विचार न करता निघालं, "नको वहिनी, आज गुरुवार. उपास."

त्या बिचाऱ्या सरळ मनाने म्हणाल्या, "आवं, उपासाला च्या चालतो की, सर!"

चालतोच. महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की उपासाला चहा चालतो. मी स्वतः प्रत्येक गुरुवारी स्टाफरूममध्ये तीन-तीन कप पीत होतो, कांबळे सरांच्या देखत. हात मांडीवर होते. तो कप घ्यायला फक्त उचलायचे होते. मी ते उचलले नाहीत. लिहितोय ना, उचलले नाहीत.

कांबळे सर तोवर खाली बघत होते. तसंच खाली बघत बायकोला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ने आत. सरांचा उपास मोडायला नगो."

मी उठलो. ते दारापर्यंत पोचवायला आले. चप्पल घालताना माझा तोल गेला, तर त्यांनी दंडाला धरून सावरलं.

जूनमध्ये त्यांनी खटपट करून सांगलीकडच्या एका शाळेत बदली करून घेतली. निरोप समारंभात त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी बोललो. पुन्हा भेट नाही. पत्र लिहायची मला एवढी हौस, पण त्यांना लिहिलं नाही.

पण मला सांगायचंय ते मार्चमधल्या त्या रविवारचं, त्यांच्या घरी जाऊन आल्यानंतरच्या. पाळी माझ्या घरची होती. पाटील सर म्हणाले, "कांबळे सरांच्यात दुःख झालंय. ह्या रविवारी नगो करूया का?" मी म्हटलं, कॅसेट सोमवारी परत पाठवायची आहे. तीन वाजता सगळे जमले. पोहे झाले, चहा झाला. सिनेमा चांगला होता, चित्र एकदम स्वच्छ, कुठं टेप अडकली नाही. मी शेवटपर्यंत बघितला. नंतर कार्ड उलटं केलं आणि पिशवी शिवून ठेवली.